गाडीत मावतं ते गाडीला झेपतं का? कॅम्पिंगचं सामान, ट्रेलर आणि वजनाचं गणित

पाऊस ओसरला की पनवेलहून घाटावर जाणाऱ्या गाड्यांचं रूप बदलतं. टपावर कॅरियर, कॅरियरवर तंबू, डिकीत खुर्च्या, शेगडी, पाण्याचे कॅन. पवना धरणाच्या काठावर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. गेल्या काही वर्षांत यात कॅम्पर व्हॅन आणि मागे जोडायच्या छोट्या ट्रेलरची भर पडली आहे. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या विषयाची चौकशीही वाढली आहे. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, "माझ्या गाडीला ट्रेलर लावता येईल का?" त्याच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: आत्ता, ट्रेलर नसताना, तुमची भरलेली गाडी किती किलोची आहे?

मी पनवेलमध्ये राहतो. इथे वजन हा रोजचा धंदा आहे. जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर, कळंबोलीचा लोखंड बाजार, त्यांच्यासाठी जागोजागी असलेले वजनकाटे. १ जुलै २०१६ पासून जगभर नियम आहे की भरलेल्या कंटेनरचं खात्रीचं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यासाठी दोनच पद्धती मान्य आहेत. एक, भरलेला कंटेनर थेट काट्यावर घ्यायचा. दुसरी, आतल्या प्रत्येक वस्तूचं वजन करून त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवायचं. अंदाज ही तिसरी पद्धत तिथे चालत नाही. घरची गाडी भरताना मात्र आपण नेमकी तीच वापरतो. डिकीचं झाकण लागलं, म्हणजे सामान बसलं!

जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिकी उशांनी भरली काय आणि पाण्याच्या कॅननी भरली काय, डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. टायर, स्प्रिंग आणि ब्रेक यांना मात्र फरक लगेच कळतो. या लेखात आपण कंटेनरवाल्यांच्याच दोन पद्धती आपल्या गाडीला लावून पाहू.

आधी चार वजनं ओळखू

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये यातल्या पहिल्या तीन संज्ञांच्या व्याख्याच दिल्या आहेत. सोप्या भाषेत त्या अशा:

• रिकामं वजन (अनलेडन वेट): गाडी आणि तिच्यासोबत नेहमी असणारी साधनं यांचं वजन. यात चालक धरलेला नाही. हे आरसीवर छापलेलं असतं.

• एकूण अनुज्ञेय वजन (ग्रॉस व्हेइकल वेट, म्हणजे जीव्हीडब्ल्यू): गाडी, माणसं, सामान, इंधन सगळं धरून नोंदणी अधिकाऱ्याने मान्य केलेली वरची मर्यादा.

• अ‍ॅक्सल वेट: एका अ‍ॅक्सलवरच्या सगळ्या चाकांतून रस्त्यावर पडणारा भार. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वेगवेगळी मर्यादा असते.

• संयुक्त वजन (ग्रॉस कॉम्बिनेशन वेट): गाडी आणि तिच्या मागचा ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती. हा आकडा गाडीच्या उत्पादकाने दिलेला असतो. तो कुठेच दिलेला नसेल आणि पुस्तिकेत ही गाडी ओढण्यासाठी नाही असं लिहिलं असेल, तर ट्रेलरचा विषय तिथेच संपतो. मागे हुक बसवून मिळतो, एवढ्यावरून गाडी ट्रेलर ओढण्याजोगी ठरत नाही.

जीव्हीडब्ल्यूमधून रिकामं वजन वजा केलं की उरतो तो पेलोड, म्हणजे तुमच्या हातात असलेलं खरं बजेट. हे आकडे मालकाच्या पुस्तिकेत सापडतात. बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक पट्टीही असते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे सोपं जातं. तिथे चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे जायचं नाही, हा एकच आकडा सरळ छापलेला असतो.

एक बारीक सूचना. कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'कर्ब वेट' दिसतं. युरोपीय पद्धतीच्या आकड्यांत त्यात ७५ किलोचा चालक धरलेला असू शकतो, आपल्या कायद्याच्या व्याख्येत चालक नसतो. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे वजा करण्याआधी ते एकाच पद्धतीचे आहेत ना, ते बघून घ्या.

बेरीज करून पाहू

उदाहरण म्हणून पाच जणांची एक मध्यम गाडी घेऊ. रिकामं वजन १,२५० किलो, जीव्हीडब्ल्यू १,७०० किलो. म्हणजे पेलोड ४५० किलो. आकडा दणदणीत वाटतो. आता भरायला घेऊ.

माणसं: आजोबा ७०, बाबा ७८, आई ६२, मोठी मुलगी ४५, धाकटा ३५. एकूण २९० किलो. उरले १६०.

सामान:
• दोन तंबू: १६
• गाद्या आणि पांघरुणं: १८
• घडीच्या खुर्च्या आणि टेबल: २२
• पाणी ४० लिटर: ४०
• शेगडी आणि ५ किलोचा सिलिंडर: १६
• बर्फ भरलेला आइसबॉक्स: २४
• शिधा आणि भांडी: २६
• पाच जणांचे कपडे, बॅगा: २५
• टपावरचा कॅरियर: १८

बेरीज २०५ किलो. बजेट होतं १६०. म्हणजे गाडी ४५ किलोंनी जास्त भरली आहे, आणि अजून डिकीचं झाकण आरामात लागतंय.

या यादीत तीन गोष्टी हटकून विसरल्या जातात. पहिली, कॅरियर स्वतः. लोक त्यावरचं सामान मोजतात, त्याचं वजन मोजत नाहीत. दुसरी, सिलिंडरची टाकी. '५ किलो' हे आतल्या गॅसचं वजन असतं, भरलेला सिलिंडर त्याच्या दुपटीहून जड असतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असताना साधारण ३० किलोंचा होतो. तिसरी, पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात कसलीच सूट नाही.

बरं, उपाय काय? सगळ्यात सोपा उपाय पाण्याचाच आहे. पनवेलहून निघताना ४० लिटर भरून ते घाट चढवायचं कशाला? लोणावळ्यात किंवा पवनानगरला भरा. यादी आली १६५ वर. आइसबॉक्स रिकामा न्या, बर्फही वरच घ्या. साधारण १२ किलो कमी. आता सामान १५३ किलो आणि गाडी मर्यादेच्या ७ किलो आत. एकही खुर्ची मागे ठेवावी लागली नाही.

कॅम्पर व्हॅन भाड्याने घेणाऱ्यांनीही हेच गणित करावं. व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी, जादा बॅटरी बसवली म्हणून चेसिसची मर्यादा वाढत नाही. रिकामं वजन वाढतं आणि तेवढाच पेलोड घटतो. १०० लिटरची टाकी भरली की दीड माणूस आत बसलाच म्हणून समजा.

किती इतकंच महत्त्वाचं: कुठे

एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी बिघडलेल्या तोलाने चालू शकते. कारण अगदी शाळेतलं आहे: तरफ.

समजा दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.६ मीटर आहे. तुम्ही ६० किलो सामान मागच्या अ‍ॅक्सलच्याही ०.६ मीटर मागे, डिकीच्या कडेला ठेवलंत. मागच्या अ‍ॅक्सलवर किती भार वाढला? ६० नाही, जवळजवळ ७४ किलो. हे जादा १४ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. वळवणारी चाकं हलकी झाली आणि बहुतेक गाड्यांत ब्रेकचा मोठा वाटा उचलणारी चाकंही तीच. शिवाय नाक वर गेल्याने हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते वेगळंच.

म्हणून जड वस्तू खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटून ठेवा, हलक्या वर आणि मागे. सिलिंडर आणि कॅन पट्ट्याने बांधलेले हवेत.

टपाची गोष्ट आणखी वेगळी. टपावर किती चालतं याचा आकडा पुस्तिकेत स्वतंत्र दिलेला असतो. अनेक गाड्यांत तो ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतो आणि त्यात कॅरियरचं वजनही येतं. तेवढंच वजन डिकीतल्यापेक्षा टपावर जास्त त्रास देतं, कारण गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती जास्त कलते. टपावर तंबू आणि गाद्या ठीक, पाण्याचे कॅन नकोत.

ट्रेलर जोडला की बैलगाडीचं शास्त्र सुरू होतं

आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत: उलाळ आणि धुरजड. बैलगाडीत मागे जास्त पोती पडली की पुढची बाजू वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि गळ्याखालचा पट्टा आवळतो. ती गाडी उलाळ झाली. पुढे जास्त भरली की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, ती धुरजड. चांगला गाडीवान पोती अशी लावतो की जूवर थोडासाच भार राहील.

ट्रेलरच्या बाबतीत जूच्या जागी गाडीचा हुक असतो. ट्रेलरचं नाक हुकवर जितकं दाबतं तो झाला हुकवरचा भार. अमेरिकेत ओढायच्या मोठ्या कॅराव्हॅनसाठी तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात. युरोपात गाड्या आणि ट्रेलर हलके असतात, तिथे ५ ते ७ टक्क्यांचा सल्ला असतो. तुमच्या गाडीच्या आणि हुकच्या पुस्तिकेत जी कमाल मर्यादा असेल, ती शेवटची.

उलाळ झालेला ट्रेलर का घातक? मागे जड असलेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा डावीउजवीकडे हलू लागतो. एखादा कंटेनर बाजूने जोरात गेला, वाऱ्याचा झोत आला की सुरुवात होते. ठरावीक वेगाच्या खाली हे हेलकावे आपोआप विरतात, त्याच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी गाडीलाच फिरवतो. ट्रेलर जितका उलाळ, तितका हा धोक्याचा वेग कमी. धुरजड ट्रेलर झुलत नाही, पण गाडीची मागची बाजू दाबून पुढची चाकं हलकी करतो.

आपल्याच उदाहरणातल्या गाडीला ट्रेलर जोडू. समजा उत्पादकाने संयुक्त वजनाची मर्यादा २,२०० किलो दिली आहे. रिकामा ट्रेलर ४५० किलो. आधीच्या यादीतलं पाणी आणि कॅरियर सोडून बाकी सामान १४७ किलो, दीडशे धरू, ते ट्रेलरमध्ये हलवलं. ट्रेलर झाला ६०० किलो. हुकवरचा भार ६० किलो, म्हणजे १० टक्के. छान.

गाडीत आता फक्त माणसं, २९० किलो. पण हुकवरचे ६० किलोही गाडीच्याच पेलोडमधून जातात. म्हणून ३५०. मर्यादा ४५०, ठीक आहे. हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे असेल, तर तरफेने त्या ६० चे मागच्या अ‍ॅक्सलवर ८३ किलो होतात आणि पुढून २३ किलो उचलले जातात, हेही लक्षात ठेवा. संयुक्त वजन: गाडी आणि माणसं १,५४०, ट्रेलर ६००. एकूण २,१४०. मर्यादेच्या ६० किलो आत.

आता निघायच्या दिवशी सकाळी कुणीतरी म्हणतं, "ट्रेलरमध्ये एवढी जागा आहे, ते पाण्याचे कॅन पण टाका. आणि मुलांच्या सायकली मागे बांधा." पाण्याचे ४० किलो ट्रेलरच्या चाकांच्या एक मीटर मागे ठेवले, सायकलींचे ३० किलो दीड मीटर मागे. हुकपासून चाकांपर्यंत अंतर २.५ मीटर. पाण्याने हुकवरचा भार १६ किलोंनी कमी केला, सायकलींनी १८ किलोंनी. ६० चे राहिले २६. ट्रेलर मात्र ६७० किलोंचा झाला. टक्केवारी चारच्याही खाली. ट्रेलर उलाळ झाला. वर संयुक्त वजन २,२१०, म्हणजे मर्यादाही ओलांडली. सत्तर किलोंची भर आणि एक चांगला जुळलेला तोल गेला.

तरीही ट्रेलर झुलायला लागलाच तर काय करायचं? अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ आणि घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक मारू नका, स्टीअरिंग उलटसुलट फिरवून त्याला सरळ करायला जाऊ नका, वेग वाढवून तर अजिबात नाही. थांबल्यावर सामान पुढे सरकवा, मगच निघा.

आणखी एक गोष्ट. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. उसाच्या ट्रॉलीला जशी स्वतःची नोंदणी लागते, तशी यालाही लागते. आपल्याकडच्या वर्गीकरणात ७५० किलोंपर्यंतचे ट्रेलर टी-१ आणि त्यापुढे ३,५०० किलोंपर्यंतचे टी-२ गटात येतात. विकत घेण्याआधी नोंदणीची कागदपत्रं मागा. शेतातल्या कामासाठी जोडजाड करून दिलेला सांगाडा कॅम्पिंगला जोडू नका.

बोरघाटाचं गणित

सपाट रस्त्यावर थोडं जास्त वजन खपून जातं. बोरघाट हिशेब मागतो.

खोपोली ते लोणावळा चढ साधारण ५५० मीटरचा. १,७४५ किलोंची आपली जादा भरलेली गाडी तेवढी वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे २.६ युनिट. ट्रेलरसह २,२१० किलो असतील तर ३.३ युनिट. चढताना ही ऊर्जा इंजिन देतं आणि फार तर गाडी हळू जाते, तापते. खरा प्रश्न परतीचा आहे. उतरताना तीच ऊर्जा कुठेतरी जावी लागते. थोडी हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते. बाकीची इंजिन ब्रेकिंगने घालवली नाही, तर सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ३.३ युनिट म्हणजे २ किलोवॉटचा गीझर सुमारे १०० मिनिटं चालवण्याइतकी उष्णता. ती तुम्ही घाटाच्या काही मिनिटांत चार चकत्यांमध्ये ओतता आहात.

ब्रेक तापले की पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. नवीन डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण वापरात ते हवेतली आर्द्रता शोषतं आणि ही किमान पातळी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतं आणि पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी ब्रेक ऑइल वेळेवर बदलणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळेल.

म्हणून उतरताना:
• खालचा गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल किंवा 'एल' वापरा.
• न्यूट्रल कधीही नको. पेट्रोल वाचवायच्या नादात इंजिनाचा फुकटचा ब्रेक गमावता.
• ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा.
• इलेक्ट्रिक गाडी असेल तर लोणावळ्यात बॅटरी १०० टक्के भरून निघू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची ऊर्जा साठवायला जागाच नसते, मग रीजनरेशन कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का ते बघा. युरोपात ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोंपर्यंतच चालतो, तोही ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त असून चालत नाही. आपला ६७० किलोंचा ट्रेलर पहिल्या अटीत बसतो. १,२५० च्या गाडीच्या दुसऱ्या अटीत बसत नाही. घाटासाठी ही अट मला शहाणपणाची वाटते.

काट्यावर घ्या

बेरीज ही झाली एक पद्धत. दुसरी पद्धत पनवेलकरांच्या दाराशी आहे. कळंबोली परिसरात ट्रकसाठीचे काटे आहेत. थोडे पैसे देऊन तुमची गाडीही तिथे तोलता येते. मी मोसमाच्या सुरुवातीला एकदा जातो, गाडी भरलेली आणि माणसं आत बसलेली. ट्रकच्या रांगेत आपली गाडी बघून काटेवाले हसतात, पण चिठ्ठी देतात. गर्दीची वेळ टाळा, त्यांचा तो धंदा आहे.

नुसत्या गाडीची तीन वजनं घ्या:
१. चारही चाकं काट्यावर: एकूण वजन.
२. फक्त पुढची चाकं काट्यावर: पुढचा अ‍ॅक्सल.
३. फक्त मागची चाकं काट्यावर: मागचा अ‍ॅक्सल.
दुसरं आणि तिसरं मिळून पहिल्याच्या जवळ आलं की मोजणी बरोबर.

ट्रेलर असेल तर आणखी तीन:
१. गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर: संयुक्त वजन.
२. ट्रेलर जोडलेला, पण त्याची चाकं काट्याबाहेर: गाडी अधिक हुकवरचा भार.
३. ट्रेलर सोडून फक्त गाडी. दुसऱ्यातून हे वजा केलं की हुकवरचा भार मिळतो.

यात एक मर्यादा आहे. मोठ्या काट्यावर आकडे दहा-दहा किलोंच्या टप्प्याने सरकतात. दीड-दोन टनांच्या गाडीसाठी ते पुरेसं आहे, ५०-६० किलोंच्या हुकभारासाठी ढोबळ आहे. तो घरी मोजा. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, नाकाखाली घरातला वजनकाटा ठेवा, त्यावर लाकडाचा तुकडा उभा करा आणि नाक गाडीला जोडताना असतं त्याच उंचीवर टेकवा. दिसेल तो आकडा.

काट्यावर वैधमापन विभागाची मुदतीतली पडताळणी आहे का तेही बघा.

टायर काय म्हणतात

टायरच्या कडेवर '२१५/६० आर १७ ९६ एच' असं काही लिहिलेलं असतं. त्यातला ९६ हा भारांक. त्याचा अर्थ एका टायरला ७१० किलो. ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००. काट्यावर आलेलं अ‍ॅक्सलचं वजन दोनाने भागा आणि हा आकडा त्याच्या वर आहे ना, ते तपासा. पण ही क्षमता पूर्ण हवा असतानाची आहे. पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी जास्त हवेचा वेगळा आकडा असतो, विशेषतः मागच्या टायरसाठी. तो निघण्याआधी, टायर थंड असताना भरा. कमी हवेचा, जास्त भाराचा टायर द्रुतगती मार्गावर तापतो आणि फुटतो. टायर जास्त भारांकाचे लावले म्हणून गाडीची जीव्हीडब्ल्यू वाढत नाही, हेही सांगून ठेवतो.

ट्रकवाल्यांना वाढवून मिळालं, आपल्याला का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या मर्यादा वाढवल्या हे खरं. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला १६.२ ऐवजी १८.५ टन. पण तो नियम व्यापारी मालवाहनांच्या अ‍ॅक्सलसाठी होता. तुमच्या कारची मर्यादा उत्पादकाने तपासून घेतलेली आणि नोंदणीत मान्य झालेली तीच राहते. वजनाची मर्यादा मोडण्याचा दंडही लहान नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली तो २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे सोडत नाहीत.

निघण्याआधी

१. आरसी आणि पुस्तिकेतून चार आकडे कागदावर लिहा: रिकामं वजन, जीव्हीडब्ल्यू, टपाची मर्यादा आणि ओढण्याची मर्यादा.
२. माणसांचं वजन आधी वजा करा. उरेल ते सामानाचं बजेट.
३. पाणी आणि बर्फ घाट चढून झाल्यावर घ्या.
४. जड सामान खाली आणि अ‍ॅक्सलच्या आत. ट्रेलरमध्ये चाकांच्या वर किंवा किंचित पुढे.
५. हुकवरचा भार मोजा. शेवटच्या क्षणी काही टाकलंत तर पुन्हा मोजा.
६. टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा, ब्रेक ऑइल मुदतीतलं.
७. मोसमात एकदा काट्यावर जा आणि चिठ्ठी डॅशबोर्डच्या खणात ठेवा.

चिठ्ठीचा उपयोग पुढेही होतो. पुढच्या वेळी कुणी "एवढंसं तर आहे, टाक ना डिकीत" म्हणालं, की वाद घालावा लागत नाही. चिठ्ठी काढायची, किती किलो शिल्लक आहेत ते दाखवायचं आणि त्यातलं काय काढायचं ते त्यांनाच विचारायचं.